ताईने उतरवलेलं वजन

ताईची किडनी मला जुळतेय हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ताईने मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि टाळी वाजवली. मिरा रोडच्या हॉस्पिटलमधल्या त्या छोट्याशा खोलीत ती टाळी फारच मोठ्याने वाजली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाईलचं पान उलटलं आणि म्हणाले, "किडनी चालेल. वजन चालणार नाही."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे तुमची साखर काठावर आहे, बीपी थोडं वर आहे. आज एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर या सगळ्या शरीराचा भार येणार. काही वर्षांनी तुम्हीच बहिणीच्या जागी डायलिसिसला येऊन झोपाल. ते मी होऊ देणार नाही. निदान वीस किलो उतरवा, साखर खाली आणा, मग बोलू."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. ताई बसली की शेजारी जागा थोडीच उरायची, पण मी तेव्हा इतकी वाळले होते की मला ती पुरली. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "वीस किलो म्हणजे केवढं गं? वाण्याकडची तांदळाची गोणी पंचवीसची असते. म्हणजे त्यातलं थोडंसं काढून ठेवलं की उरतं ते."

मी म्हटलं, "ताई, नाही जमलं तरी चालेल."

"तुला चालेल. मला नाही चालणार," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं, "भैया, गोडदेव के नाके पे ही छोड दो, अंदर मत लो. आज से चलना है."

नाक्यापासून तिचं घर जेमतेम पाच मिनिटांवर. तेवढ्यात ती दोनदा थांबली. एकदा मेडिकलच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "सुरुवात वाईट नाही."

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बाबा नोकरीसाठी इकडे आले आणि गोडदेवात खोली घेऊन राहिले, तेव्हा आजूबाजूला गावठाणातली कौलारू घरं होती. आता तिथे इमारतीला इमारत लागून आहे. त्यातल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर ताईचं घर आणि पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं काम. भावोजी काशीमीऱ्याच्या एका गोदामात सुपरवायझर. मी लग्नानंतर मिरा रोडला, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. बीपी अंगात कधी शिरलं ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. नवऱ्याचा रक्तगट जुळेना, आई गेलेली, बाबा थकलेले. ताई मात्र मला सांगायच्या आधीच तपासणीला जाऊन आली होती.

ताईचं वजन हा आमच्या घरातला जुना विषय. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती भरली आणि मग दिवसभर मशीनवर बसून भरतच गेली. तिने प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू नये. शेजारणीकडून पावडरीचे डबे घेऊन दोन वेळा नुसता शेक प्यायली. पोटाला पट्टा बांधून स्वयंपाक केला. एका उन्हाळ्यात भात, पोळी सगळं सोडून फक्त पनीर आणि अंड्यांवर राहिली आणि खरंच बारीक झाली. दिवाळीच्या आत सगळं परत आलं. ती स्वतःच सांगायची, "माझं वजन माहेरी जातं गं. जाताना एकटं जातं, येताना दोन भाचरं घेऊन येतं."

गिऱ्हाइकांच्या बाबतीतही तिचा हाच अनुभव. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. ताई सढळ हाताने माया सोडायची. एखादी बारीक होऊन आलेली बाई म्हणायची, "एवढी कशाला? आता मी अशीच राहणार." ताई हसून म्हणायची, "राहा की. पण कापड आत असलेलं बरं."

हॉस्पिटलमधल्या आहार सांगणाऱ्या मुलीने तिला एक तक्ता दिला. त्यात ओट्स होते, सॅलड होतं आणि दुपारी एक वाटी भात. ताईने तो नीट वाचला आणि विचारलं, "वाटी आमच्याकडची की तुमच्याकडची?" मुलगी हसली. तिने टेबलावरची एक लहानशी वाटी उचलून दाखवली. ताई म्हणाली, "एवढ्यात आम्ही चटणी घेतो."

पण तिने तशीच वाटी विकत घेतली. दोन्ही वेळेला ताटात भाताचा डोंगर लागणाऱ्या घरात ती ती वाटी घेऊन बसायला लागली. ओट्स तिच्या घशाखाली उतरेनात, म्हणून त्यांच्या जागी नाचणीची भाकरी आली. मासे तळायचे बंद झाले, नुसत्या कालवणातले खायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. मी मात्र तिच्या समोर बसून पाहिलंय. मासे तेच, चव तीच, पण पानात भात नाही म्हणून तिचा हात सारखा मोकळ्या जागेकडे जायचा आणि थबकायचा.

डायलिसिसच्या दिवशी ती दुपारचं काम बंद ठेवून माझ्यासोबत यायची. सेंटर हायवेच्या जवळ होतं, ट्रक गेले की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी. मी पाण्यासाठी तळमळायचे, ती भातासाठी. मशीन चालू असताना आम्ही दोघी वेड्यासारख्या खाण्यापिण्याच्याच गोष्टी करायचो. मी म्हणायचे, "मला एक तांब्याभर माठातलं पाणी पाहिजे, वाळा घातलेलं." ती म्हणायची, "मला आईच्या हातचे वडे आणि कोंबडीची सागोती, आणि रस्सा संपला की परत रस्सा." पलीकडच्या खाटेवरचे एक गुजराती काका वैतागून म्हणायचे, "अरे बहन, बस करो ना, मुझे भी भूख लगती है." मग आम्ही तिघं हसायचो.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. पाच ते सात गिऱ्हाइकांची गर्दी आणि भुकेचीही. शेजारची गुजराती भाभी काहीतरी घेऊन यायचीच, कधी गाठिया, कधी गरम ढोकळा. "दीदी, एक से क्या होता है?"

ताई म्हणायची, "एक से कुछ नहीं होता, इसीलिए तो मैं दूसरा लेती हूँ. और दूसरे से भी कुछ नहीं होता."

भाभीला खरं कारण कळलं, त्या दिवशी ती ढोकळ्याची ताटली तशीच परत घेऊन गेली आणि संध्याकाळी भावोजी येईपर्यंत ताईला चालायला न्यायला स्वतः दारात उभी राहिली. मग रोज तिघं जायला लागले. पुढे भाभी, मध्ये ताई, मागे दिवसभर उभं राहून दमलेले भावोजी. खाडीच्या बाजूला जाणारा रस्ता धरायचा. ओहोटीला तिथे चिखलाचा आंबूस वास सुटतो, पण वारा असतो. आधी ताई अर्ध्यातून परतायची. मग कधीतरी खाडीपर्यंत पोचली. त्या दिवशी तिने मला फोन केला आणि फोनवर नुसती धापा टाकत राहिली. मी घाबरले. ती म्हणाली, "काही नाही गं. पोचले, ते ऐकवतेय."

पहिले काही किलो भराभर उतरले. गणपतीच्या आसपास मात्र काटा एका जागी रुतून बसला. खाणं तेच, चालणं तेच, आकडा हलेना. त्यातच माझ्या छातीत पाणी झालं आणि मला अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं. दोन दिवस श्वासासाठी झगडले. ताई आयसीयूच्या बाहेर बसून होती. तिने मनाशी काय ठरवलं ते कोणालाच सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तिने खाणंच सोडलं. लिंबूपाणी आणि दोन खजूर, बस्स. घरात गौरी आलेल्या, हिने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः फक्त पाणी प्यायली. चार-पाच दिवसांनी ब्लाउज शिवता शिवता मशीनवरच कोसळली. कपाळाला खोक पडली.

तिला त्याच हॉस्पिटलात आणलं; मी अजून तिथेच होते, नर्सने मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याजवळ नेलं. आमचे डॉक्टर खाली उतरून आले आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. "तुम्हाला बहिणीला किडनी द्यायचीय की तिच्याआधी मरायचंय? मला बारीक बाई नकोय, तब्येतीने चांगली बाई हवीय. कळतंय?"

ताईने खाली मान घालून ऐकलं. ताई असं ऐकून घेते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला घरी सोडल्यावर दुसऱ्याच दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, मला ताईकडे ने. मी मनाशी ठरवून गेले होते की हे सगळं थांबवायचं. पुढच्या खोलीत मशीनवर कापड तसंच पडलेलं. आत स्वयंपाकघरात ताई जमिनीवर बसली होती, कपाळाला पट्टी, समोर भाताचं पातेलं आणि सुरमईचं कालवण. पातेल्यातच कालवून खात होती. मला पाहून तिने काही लपवलं नाही. हातही थांबवला नाही.

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "ताई, सोड ना. मला नको तुझी किडनी. अवयवदानाच्या यादीत लागेल माझा नंबर कधीतरी."

"खाऊ दे," ती म्हणाली.

"मी खाण्याबद्दल नाही बोलत."

"मी खाण्याबद्दलच बोलतेय. आज मी खाणारे. पोट भरेस्तोवर. रात्री जेवणार नाही असंही म्हणणार नाही, कारण मग उद्या परत हेच होईल. रात्री माझी वाटी घेईन. उद्या संध्याकाळी भाभीबरोबर चालायला जाईन."

"आणि परत असं झालं तर?"

"होईल की. मग परत उद्या." तिने घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आजवर दर वेळेला असं खाल्लं ना, की मला वाटायचं, संपलं, आपल्याच्याने होत नाही. आणि मग खरंच संपायचं. सहा-सहा महिने मी स्वतःकडे बघायचे नाही. या वेळेला मला तेवढा वेळ नाहीये गं. तुझ्याकडे वेळ नाहीये."

मग तिने पातेलं बाजूला सारलं. रिकामं नव्हतं झालं, तळाशी भात उरला होता. हात धुऊन ती आरशासमोर गेली आणि पट्टी जरा वर करून खोक बघितली. "बाई, गणपतीत टिळा लावल्यासारखं दिसतंय," म्हणाली. मी जे बोलायला गेले होते, ते परत माझ्याकडून बोललं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती खाडीवर गेली. मला भाभीने सांगितलं. भाभी म्हणाली, "आपकी दीदी जिद्दी नहीं है. जिद्दी लोग टूट जाते हैं. ये तो बस फिर से आ जाती है." मराठीत मी याला अजून शब्द शोधतेय.

काटा हलायला आणखी काही आठवडे गेले. थंडी संपता संपता एक दिवस डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले. पुरते वीस किलो उतरलेच नव्हते. पण साखर खाली आली होती, बीपी गोळीशिवाय जागेवर होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "चला, तारीख घेऊ." ताईने या वेळेला टाळी वाजवली नाही. ती रडली, आणि रडता रडता त्यांना म्हणाली, "दोन किलो राहिलेत, ते मी नंतर करते." डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा हसले.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नर्सने येऊन सांगितलेलं. वरच्या मजल्यावर शुद्धीवर आल्या आल्या ताईने पहिला प्रश्न विचारला होता, "तिला लघवी झाली का?" झाली होती. भरपूर. त्या पिशवीकडे मी आणि नवरा देवाकडे पाहावं तसे पाहत होतो.

मला वाटायचं, गोष्ट इथे संपते. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. ताई घरी आली आणि नातेवाइकांची रांग लागली. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी पायाचं सूप, गावाहून मावशी कोंबडा घेऊनच आली. "काम झालं ना आता? अशक्त झालीयस. खा." आणि ताई खायला लागली. दुखत होतं, चालणं बंद होतं, मशीनवर बसता येत नव्हतं. वर्ष संपायच्या आत उतरवलेल्यातलं बरंच परत आलं. इतकी वर्षं तिचं वजन परत येताना आम्ही पाहिलं होतं, तसंच हेही आलं, कोणाला न सांगता.

त्याच काळात माझ्या अंगात एक नवी गोष्ट आली, भूक. किडनी शरीराने स्वीकारावी म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यातल्या एकीने भूक खवळते. मी जन्मभर पानात टाकून उठणारी. आता मला पहाटेपासून भूक. जेवून उठले की परत जेवावंसं वाटायचं. चेहरा गोल झाला, हनुवटी गेली. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी डब्यातल्या सगळ्या पोळ्या लोणच्याबरोबर खाल्ल्या, वर चिवड्याची बरणी काढली आणि ती संपवून रडायला बसले. मग ताईला फोन केला.

ती रिक्षा करून आली. माझ्याकडे बघून आधी मनसोक्त हसली. "काय गं, पुरण भरलंय की काय तोंडात?" मग शेजारी बसली. म्हणाली, "भूक लागली म्हणून रडायचं नाही. आपण काही वाईट केलेलं नाही. तिला सांगायचं, थांब जरा. ती थांबते. कायमची जात नाही, पण जरा थांबते."

"तू कशी थांबवतेस?"

"मला तरी कुठे थांबतेय? बघ की." तिने ओढणी बाजूला करून कमरेकडे बोट दाखवलं. "परत आलंय सगळं. मी विचार करत होते, कोणाला सांगू. बरं झालं, तुलाच झालं."

तिथून ते दोघींचं सुरू झालं. संध्याकाळी पाच वाजता मी तिच्याकडे जायला लागले. चालून आलं की ती मला ब्लाउजांना हुक लावायला द्यायची. हातात सुई-दोरा असला की हात डब्याकडे जात नाही, हा तिचा साधा हिशोब. सुरुवातीला माझे हुक वाकडे लागायचे. ती न बोलता उसवायची आणि परत द्यायची. मध्येच दोघींना एकदम भूक लागायची, एकमेकींकडे बघायचो, मग ती बिनसाखरेचा चहा टाकायची. कधी कधी दोघीही हरायचो. नाक्यावरून वडापाव मागवायचो आणि दोघी मिळून खायचो, नीट बसून, चवीने. दुसऱ्या दिवशी परत खाडी.

तेव्हा मला कळलं, की त्या वर्षभरात ताईने काय केलं होतं. मी तेव्हा शेजारी बसून सगळं पाहत होते, पण माझ्या पोटात भूक नव्हती. आता होती. ही अशी भूक पोटात घेऊन ती आयसीयूच्या बाहेर बसली होती, गौरींचं वाढलं होतं, माझ्या शेजारी डायलिसिसला येऊन मला हसवलं होतं. मी हे तिला एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "दोरा संपला, दुसरा घे."

याला आता काही वर्षं झाली. ताई बारीक नाही. कोणी नव्याने पाहिलं तर म्हणेल, बरी भरलेली बाई आहे. वजन चढतं, उतरतं. लग्नसराईत चढतं, पावसाळ्यात चालणं थांबलं की चढतं, मग ती परत खाली आणते. डॉक्टरांनी आखून दिलेल्या रेषेच्या वर तिने ते फार काळ राहू दिलेलं नाही. साखर जागेवर आहे. तिची एक किडनी तिच्यात, एक माझ्यात, दोन्ही बऱ्या चालल्यात. माझा चेहरा थोडासा खाली आला, पूर्वीसारखा झाला नाही. होणारही नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर एक माणूस बसला होता, चाळिशीतला, अंगाने चांगलाच भरलेला, हातात फाईल. शेजारी त्याची बायको, तिच्या हातावर डायलिसिसची ती ओळखीची फुगलेली शीर. डॉक्टर दारात आले आणि ताईला म्हणाले, "यांना मी आत्ताच वजनाचं सांगितलंय. जरा बोलता का?"

ताई त्याच्या शेजारी बसली. तो संकोचून म्हणाला, "ताई, तुम्ही किती उतरवलंत?"

"ते नका विचारू. किती वेळा परत आलं ते विचारा."

तो हसला, मग गंभीर झाला. "मला नाही वाटत जमेल. मी याआधी तीनदा केलंय."

"मग तुम्हाला सवय आहे," ताई म्हणाली. "घरी भात की चपाती?"

"भात. आम्ही उत्तनचे. भात आणि मासळी."

"अरे देवा," ताई म्हणाली आणि त्याच्याकडे जरा सरकून बसली. "वहिनी, तुम्ही पण ऐका. मासळी सोडायची नाय. तळायची नाय फक्त."

"हां, मी पण तेच सांगते याला," त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "ऐकत न्हाय."

माझा नंबर लागला, मी आत जाऊन आले, गोळ्या घेतल्या, तरी ताई उठेना. भाकरी कशी करायची, संध्याकाळी काय करायचं, चक्कर आली तर लपवायचं नाही, एखाद्या दिवशी पोटभर खाल्लं तर रात्री उपास करायचा नाही, असं काय काय चाललं होतं. तो माणूस मान हलवत होता. त्याची बायको नवऱ्याकडे न बघता ताईकडे बघत होती, टक लावून.

मी खुणेने म्हटलं, चल. ताईने हात वर करून मला थांबवलं. म्हणून मी पर्स मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसले आणि वाट पाहत राहिले.